पिल्लूं आईपासून केव्हां तोडावें?

कर्जत व खालापूर या तालुक्यांत भाताची कापणी होऊन भारे खळ्यावर आले आणि उडव्या रचल्या गेल्या, कीं त्याच सुमारास गांवोगांवच्या कुत्र्या वितात. भाद्रपदाच्या आगेंमागें माजावर आलेली कुत्री सुमारें ६३ दिवसांनीं विते. म्हणजे तिचीं पिल्लें कार्तिक-मार्गशीर्षांत, नेमकीं पेंढ्याच्या उबेंत, जन्मास येतात. पिल्लांचे डोळे उघडले न उघडले तोंच मागणारे दारांत उभे राहतात. कोणाला मळ्यावर राखण पाहिजे, कोणाच्या वालाच्या शेतांत रानडुकरें शिरतात, कोणाच्या कोंबड्या मुंगूस नेतें, तर कोणा मुंबईकरानें नुकतीच जागा घेऊन बंगला बांधला आहे व त्याच्या रखवालदारास कुत्रा हवा आहे.

मागणारा येतो, पिल्लाला मानेच्या कातड्याला धरून वर उचलतो, ओरडलें तर भित्रें व गप्प राहिलें तर धीट असें ठरवितो, पायांचीं नखें मोजतो, आणि वीसनखी निघालें तर मोठा हरखतो. पण "याला किती दिवस झाले?" हा एक प्रश्न, जो सर्वांत आधीं विचारावा, तो बहुधा विचारला जात नाहीं. पंधरावीस दिवसांचें पिल्लूं पिशवींत घालून नेलें जातें, आणि देणाऱ्यालाही एक तोंड कमी झालें म्हणून बरें वाटतें. या लेखांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ही रीत वाईट आहे. पिल्लूं साठ दिवसांचें होईपर्यंत आईपासून तोडूं नये. आणि राखणीसाठीं न्यावयाचें असेल तर तीन महिन्यांपलीकडे तेथें राहूंही देऊं नये.

शेतकरी बंधूंस वयाचें महत्त्व समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाहीं. कर्जत येथें १९१९ सालापासून भाताचें संशोधन केंद्र आहे व तेथून निघालेलीं वाणें आपल्यापैकीं पुष्कळांच्या खाचरांत उभीं आहेत. लावणीस घेतलेलें रोप तीन आठवड्यांच्या पुढचें असावें, फार कोंवळें असतां कामा नये व फार जून झालेलेंही चालत नाहीं, जून रोपाला फुटवे कमी येतात, हें आपण सर्व जाणतों व राबांतून रोप उपटण्यापूर्वीं दिवस मोजतों. मग जें जनावर पुढें दहाबारा वर्षें आपल्या अंगणांत, आपल्या मुलांमध्यें वावरणार, तें मुळांतून उपटतांना दिवस मोजूं नयेत, हें कोणतें शहाणपण?

आतां साठ दिवसांत आई पिल्लासाठीं काय करते तें पाहूं. जन्मतः पिल्लूं आंधळें व बहिरें असतें. त्याचे डोळे १० ते १४ दिवसांनीं उघडतात; कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काम करूं लागतात. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखतां येत नाहीं. आईनें जिभेनें चाटल्याशिवाय त्याला त्या काळांत मलमूत्रविसर्जनही धड करतां येत नाहीं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत दुधाचे दांत येतात, पिल्लूं लटपटत चालूं लागतें, भावंडांशीं झोंबूं लागतें, आणि आईच्या अन्नांत तोंड घालूं लागतें. येथून पुढें दूध हळूहळू कमी होतें व सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लूं बहुतेक अन्नावर येतें. हें सारें काम आई आपल्या सोईनें, थोडें थोडें करून उरकते. दांत टोंचूं लागले कीं उठून जाते. पुन्हा येऊन पाजते. आपण मध्येंच पिल्लूं उचललें, म्हणजे चाळीस दिवसांत व्हावयाचें काम एका रात्रींत करावयास लावलें.

दुधाचा हिशेबही सांगतों. पुष्कळांची समजूत अशी कीं, गाईचें दूध तें दूध, कुत्र्याच्या पिल्लास त्यांत अर्धें पाणी घालून दिलें म्हणजे पचेल. वस्तुस्थिति उलट आहे. कुत्रीच्या दुधांत प्रथिनें व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, आणि दुधांतील साखर गाईच्या दुधापेक्षां कमी असते. तेव्हां पाणी घातलेलें गाईचें दूध पिणारें पिल्लूं पोट फुगलेलें दिसलें तरी उपाशीच असतें, आणि जास्तीच्या साखरेनें त्याला हगवण लागते, ती वेगळीच. थंडीच्या दिवसांत, आईच्या उबेशिवाय, हगवण लागलेलें वीस दिवसांचें पिल्लूं किती टिकणार? मेलें म्हणजे आपण म्हणतों, "नशिबांत नव्हतें." नशिबाकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण वय पाहिलें होतें काय, हें आठवावें.

दुसरी गोष्ट रोगाची. वासराला पहिल्या दिवशीं चीक पाजलाच पाहिजे हें आपण जाणतों. कुत्र्याचेंही तसेंच आहे. पहिल्या चोवीस तासांत प्यालेल्या चिकांतून आईची रोगप्रतिकारक शक्ति पिल्लाच्या अंगांत उतरते. ही उसनी शक्ति साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरूं लागते व कोणांत लवकर, कोणांत उशिरां, सोळाव्या आठवड्यापर्यंत संपते. याच मधल्या काळांत लसीची सुरुवात करावयाची असते. सहाव्या ते आठव्या आठवड्यांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुढच्या, शेवटची सोळा आठवड्यांच्या सुमारास. ज्या पार्व्हो नांवाच्या रोगानें रक्ताची हगवण लागून पिल्लें दोन-तीन दिवसांत मरतात, तो रोग १९७८ पासून जगभर पसरलेला आहे व त्याला लसीवांचून दुसरें संरक्षण नाहीं. शिवाय पिल्लाच्या पोटांत जंत आईकडूनच येतात, कांहीं गर्भांत असतांना व कांहीं दुधावाटे; म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच दर पंधरा दिवसांनीं जंताचें औषध द्यावें लागतें. हेच जंत अंगणांतल्या मातींतून लहान मुलांच्याही पोटांत जातात. पिल्लें आईजवळ एके ठिकाणीं असलीं तर पशुवैद्यास एका फेरींत सगळ्यांना औषध देतां येतें. पांच घरीं पांगलीं कीं पांचांपैकीं चौघे विसरतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. ती म्हणजे दांत आवरणें. चौथ्या आठवड्यापासून पिल्लें एकमेकांच्या कानाला, मानेला, पायाला चावतात. जोरानें चावलें तर दुसरें कुंई करून ओरडतें व खेळ मोडतें. आईला जोरानें चावलें तर ती गुरगुरते, तोंडानें दाबून धरते किंवा उठून चालती होते. अशा शेंकडो लहान शिक्षांतून पिल्लाला कळतें कीं दांत किती दाबावा. हा धडा पांचव्या ते आठव्या आठवड्यांत मिळतो, आणि तो माणसाला देतां येत नाहीं. आपण काठी मारतों. त्यानें पिल्लूं चावण्यापूर्वीं गुरगुरणें सोडतें, चावणें सोडीत नाहीं.

हा माझा एकट्याचा ग्रह नव्हे. इटलींतील संशोधकांनीं १४० कुत्र्यांची पाहणी करून ती २०११ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ७० कुत्रे ३० ते ४० दिवसांचे असतांना आईपासून तोडलेले होते व ७० दोन महिने झाल्यावर. मोठेपणीं पहिल्या गटांत उगाच भुंकणें, आवाजाला भिणें, अन्नावर व वस्तूंवर हक्क सांगणें, नासधूस करणें, हे दोष स्पष्टपणें अधिक आढळले. दक्षिण आफ्रिकेंत पोलिसी कुत्र्यांच्या पिल्लांवर केलेल्या व १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सहा आठवड्यांस आईपासून काढलेलीं पिल्लें बारा आठवडे आईजवळ राहिलेल्या पिल्लांपेक्षां अन्न कमी खाऊं लागलीं, वजनानें घटलीं व आजारीही अधिक पडलीं. आपल्याकडे तर सहा आठवडेही थांबत नाहींत.

येथें माझ्या घरची गोष्ट सांगणें भाग आहे, कारण चूक मीच केली. मी नोकरींतून निवृत्त झालों त्या वर्षीं जवळच्या वाडीवर एका खळ्यांत कुत्री व्याली होती. पांच पिल्लें होतीं. खळ्याचा मालक मला म्हणाला, "भाऊसाहेब, अजून महिनाभर राहूं द्या, मग न्या." मीं उत्तर दिलें, "अरे, आतां नेलें तर माझें घर धरील. महिन्यानें नेलें तर तुझ्याच खळ्यावर पळून येईल." त्या दिवशीं पिल्लूं चोवीस दिवसांचें होतें. त्याच वितांतलें दुसरें पिल्लूं माझ्या चुलतभावानें मागून ठेवलें होतें. परंतु त्याच्या घरीं लग्नकार्य असल्यामुळें त्यानें तें दोन महिन्यांनीं नेलें.

माझें पिल्लूं पहिला पंधरवडा हगवणीनें खंगलें, पण वांचलें. वाढलें, धष्टपुष्ट झालें, राखणीला तिखट निघालें. मला अभिमान वाटे. फक्त जेवणाच्या थाळीजवळ कोणी गेलें कीं तें गुरगुरे. मी म्हणें, राखणीचा कुत्रा असाच असावा. तो दीड वर्षाचा असतांना माझ्या पुतण्याची सहा वर्षांची मुलगी थाळीजवळ पडलेलें झांकण उचलावयास वांकली, आणि त्यानें तिच्या हाताला चावा घेतला. नुसता दांत लावला नाहीं; हात धरून झटकला. लस टोंचून घेऊं, घेऊं म्हणत मीं ती टोंचून घेतली नव्हती. मुलीला तांतडीनें दवाखान्यांत नेलें, जखम धुतली, सर्व सुया वेळेवर दिल्या. कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखालीं ठेवला. त्या दहा दिवसांत तिची आई माझ्याशीं एक शब्दही बोलली नाहीं, आणि तिचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. अकराव्या दिवशीं कुत्रा ठणठणीत होता. मुलगी बरी आहे, हातावर व्रण आहे. कुत्रा अजून माझ्याकडेच आहे, परंतु मुलें अंगणांत असतांना तो सांखळीवरून सुटत नाहीं.

चुलतभावाकडचा कुत्रा त्याच आईचा, त्याच वितांतला. तो कोंबड्यांतून चालतो, मुलें त्याच्या तोंडांतली भाकरी काढून घेतात. एका नोंदीवरून गांवची आणेवारी काढतां येत नाहीं, हें मला नोकरीनें शिकविलें आहे. म्हणून केवळ माझ्या घरच्या गोष्टीवर मी हा लेख लिहिला नसता. परंतु वर सांगितलेल्या पाहण्या वाचल्या, तेव्हां माझ्या अंगणांतलेंच वर्णन कोणीं परदेशांत बसून लिहिलें आहे असें मला वाटलें.

आतां या मतावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप मीच खळ्यावर घेतला होता तोः उशिरां आणलेलें पिल्लूं घर धरीत नाहीं. यांत थोडें तथ्य आहे, तें मान्य केलें पाहिजे. अमेरिकेंतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंतील प्रयोग १९६१ सालीं प्रसिद्ध झाले. तेथें उंच कुंपणाच्या मैदानांत पिल्लें माणसाचा स्पर्श न होऊं देतां आईजवळ वाढविलीं, आणि कांहीं दुसऱ्या, कांहीं तिसऱ्या, पांचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यांत एकेक आठवडा माणसांत आणलीं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाहीं, तीं पुढेंही रानटीच राहिलीं. परंतु पांचव्या ते नवव्या आठवड्यांत ज्यांना माणूस भेटला तीं उत्तम माणसाळलीं. आणि ज्यांना दुसऱ्याच आठवड्यांत भेटून पुन्हां दूर ठेवलें त्यांना फारसा उपयोग झाला नाहीं. म्हणजे लवकर उचलल्यानें घर धरतें ही समजूत खरी नाहीं. पिल्लाचें मन माणसाकडे उघडतें तें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत, आणि त्यांतला अर्धा काळ तें आईजवळ असतांनाच जातो.

यावर उपाय सोपा आहे. पिल्लूं आईजवळ राहूं द्यावें, पण नेणाऱ्यानें चौथ्या आठवड्यापासून दोन-चार दिवसांआड खळ्यावर जावें, त्याला हातांत घ्यावें, आपल्या मुलांना न्यावें, हातानें घांस द्यावा. देणाऱ्यानेंही पिल्लांना गाई, कोंबड्या, शेळ्या, मोटारीचा व पंपाचा आवाज, हें सर्व पाहूं-ऐकूं द्यावें. असें पिल्लूं साठाव्या दिवशीं घरीं आलें, तर तें अनोळखी घरीं येत नाहीं. खळ्यावर पळून जाण्याची भीति मग राहत नाहीं.

दुसरा आक्षेप देणाऱ्याचाः "पांच पिल्लें दोन महिने पोसूं कशीं?" हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. व्यालेल्या कुत्रीला नेहमींच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतें. पांचव्या आठवड्यापासून पिल्लांनाही दिवसांतून चार वेळ पेज, मऊ भात, ताक, उकडलेलें अंडें किंवा कांटे काढलेली मासळी द्यावी लागते. ज्याच्या खळ्यावर कुत्री व्याली त्यानेंच हें सारें सोसावें आणि नेणाऱ्यानें फुकट न्यावें, हा न्याय नव्हे. म्हणून मी असें सुचवितों कीं, पिल्लूं मागून ठेवतांना नेणाऱ्यानें एका पिल्लामागें एक पायली कणी, व जमल्यास थोडीं अंडीं, खुराकी म्हणून देणाऱ्याच्या घरीं पोंचवावी. यानें दोन गोष्टी साधतील. देणाऱ्याला घाई उरणार नाहीं. आणि जो एक पायली कणी देण्यास तयार नाहीं, तो पुढें दहा वर्षें कुत्रा पोसणार नाहीं, हें आधींच कळेल.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाहीं, पण तोच खरा आहे. नर पिल्लें सर्वांस हवीं असतात. माद्या कोणास नको असतात. मग एखाद्या रात्रीं पिल्लें पोत्यांत घालून बाजाराच्या गांवीं, स्टेशनाजवळ किंवा हमरस्त्याच्या कडेला सोडलीं जातात. "कोणी तरी उचलील" असें म्हणून आपण मनाची समजूत घालतों. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं पश्चिम बंगालमधील मोकळ्या कुत्र्यांच्या ९५ वितांतील ३६४ पिल्लांची पाहणी करून २०१६ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सुमारें सात महिन्यांचीं होईपर्यंत शेंकडा १९ च जगलीं. आणि जीं मेलीं त्यांतील शेंकडा ६३ च्या मरणास या ना त्या प्रकारें माणूस कारण होता. हीं तर आईजवळ वाढणारीं पिल्लें. आईवेगळीं करून रस्त्यावर सोडलेल्यांची गत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. जीं जगतात, तीं माणसाच्या हातची ओळख नसलेलीं, भुकेलीं व बिनलसीचीं असतात, आणि टोळी करून तींच आपल्या शेळ्या-करडांवर पडतात. खळ्यावरून आपण जें फेंकतों, तें आपल्याच गोठ्याकडे परत येतें. मादी पोसण्याची इच्छा नसेल तर कुत्रीची शस्त्रक्रिया करून घ्यावी, हा एकच प्रामाणिक मार्ग आहे. पिल्लें सुटून तिचें दूध आटल्यावर पशुवैद्यास विचारून ती करतां येते. पाळलेल्या कुत्रीची जबाबदारी तिच्या मालकावरच आहे, ग्रामपंचायतीवर नव्हे.

विकत घेणाऱ्यांसाठीं दोन शब्द. आपल्या भागांत बंगले वाढले तसे परदेशी जातीचे कुत्रेही वाढले, आणि त्यांचीं पिल्लें मोठ्या किंमतीस विकलीं जातात. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीं, कुत्र्यांची पैदास करून विकणारांस आठ आठवड्यांखालील पिल्लूं विकण्यास मनाई केली आहे. विकणारा "पंचेचाळीस दिवसांचें आहे, आजच न्या" म्हणाला, तर तो नियम मोडीत आहे हें ओळखून परत फिरावें; आणि आई दाखविल्याशिवाय तर पैसे मुळींच देऊं नयेत. हा नियम विक्रीचा आहे. खळ्यावरून फुकट दिलेल्या पिल्लास तो लागू पडत नसेल. परंतु फुकट दिलेल्या पिल्लाचें पोट व दांत विकलेल्या पिल्लाहून निराळे असतात काय?

याला अपवाद एकच. आई मोटारीखालीं किंवा आजारानें मेली, तर साठ दिवस थांबण्याचा प्रश्न राहत नाहीं. अशा वेळींही पिल्लें लगेच वांटून टाकूं नयेत. तीं एकत्र, पेंढा व गोणपाट घातलेल्या खोक्यांत, वाऱ्यापासून दूर ठेवावीं; पशुवैद्यास विचारून पिल्लांसाठीं मिळणारी दुधाची भुकटी द्यावी; दूध पाजल्यावर ओल्या कापडानें मागचा भाग पुसून त्यांना मलमूत्र करावयास लावावें. गांवांत दुसरी ओली कुत्री असेल व ती जवळ घेत असेल, तर त्याहून उत्तम कांहीं नाहीं. आई नसली तरी भावंडें असलीं म्हणजे दांत आवरण्याचा निम्मा धडा होतो.

पिल्लूं घरीं आणावयाचा दिवस ठरला, म्हणजे तें सकाळीं आणावें, म्हणजे रात्र पडण्यापूर्वीं तें घर हुंगून घेईल. ज्या गोणपाटावर तें आईजवळ निजत होतें त्याचा तुकडा बरोबर आणावा. पहिला आठवडा तेंच अन्न द्यावें जें तेथें मिळत होतें. पहिल्या कांहीं रात्रीं तें रडेल. त्याला मारूं नये, पडवींत किंवा ओटीवर माणसाजवळ निजवावें. राखणीसाठीं आणलें म्हणून पहिल्याच आठवड्यांत मळ्यावरच्या झोंपडींत एकटें बांधूं नये. तें राखण तर करणार नाहींच, उलट डोंगराच्या पायथ्याच्या गांवांत तें बिबट्याला आयतें बोलावणें होईल. राखण करावयास कुत्रा वर्षाचा व्हावा लागतो, तोंवर आपणच त्याची राखण करावयाची असते.

शेवटीं, पिसाळण्याविषयीं. पिल्लूं तीन महिन्यांचें झालें कीं पिसाळ रोगाची लस टोंचून घ्यावी, व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं. लहान पिल्लाच्या चाव्यास अथवा ओरखड्यास लोक मोजीत नाहींत. ही समजूत प्राणघातक आहे. पिसाळ रोग पिल्लासही होतो, आणि तो माणसांत एकदां प्रगट झाल्यावर बहुधा कोणी वांचत नाहीं. चावा लहान असो वा मोठा, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद, तिखट, चुना कांहीं भरूं नये, त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी, व सांगितलेल्या सर्व तारखा पाळाव्या. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी हें खरें. परंतु दहा दिवस वाट पाहून मग दवाखान्यांत जावें, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपल्या संघास माझी एक सूचना आहे. दर वर्षीं कापणीनंतर संघाच्या कचेरींत एक साधी वही ठेवावी. ज्याच्या खळ्यावर कुत्री व्याली त्यानें गांव, वितल्याची तारीख, पिल्लें किती, नर किती, माद्या किती, एवढें लिहावें. ज्यास पिल्लूं पाहिजे त्यानें त्याच ओळींत आपलें नांव घालावें. आणि साठाव्या दिवसाची तारीख समोर लिहून ठेवावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवून त्या सुमारास एक दिवस जंताच्या औषधाचा, लसीचा व शस्त्रक्रियेच्या चौकशीचा ठेवावा. यास खर्च एका वहीचा. जमिनीच्या फेरफाराची नोंदसुद्धां नोटिशीची मुदत संपल्यावांचून मंजूर होत नाहीं. जिवंत प्राण्याच्या फेरफाराला साठ दिवसांची मुदत द्यावी, इतकेंच मागणें आहे. तोंवर ज्यांच्या उडवीखालीं यंदां पिल्लें आहेत, त्यांनीं आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत जन्माची तारीख शोधून तिच्यापुढें साठ घरें मोजावीं, आणि त्या घरावर खूण करावी.

— एक निवृत्त अव्वल कारकून, कर्जत